बरणीच्या तळाचे दाणे

परवा खिचडीसाठी शेंगदाण्याची बरणी काढली. झाकण उघडलं तर कुबट वास, आणि तळाशी हिरवट बुरशी. नवी मुंबईतला जुलै, दुसरं काय! बायको म्हणाली, "टाकून दे." मी म्हटलं, वरचे चांगले दिसतायत, खरपूस भाजू की. मग जरा वाचायला बसलो आणि थेट १९६० सालात जाऊन पोचलो.

त्या वर्षी इंग्लंडमध्ये काही महिन्यांत लाखाच्या वर टर्की पक्षी पटापट मेले. कारण कळेना, म्हणून रोगाचं नाव ठेवलं 'टर्की एक्स'. शेवटी माग लागला तो ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत. पेंडीत ॲस्परजिलस फ्लेवस नावाच्या बुरशीचं विष होतं. बुरशीच्या नावावरूनच विषाचं नाव पडलं, अफ्लाटॉक्सिन.

ही बुरशी मातीतलीच, शेतातच शेंगेला चिकटते. पण तिला खरं फावतं ते ओल आणि उबेत. म्हणून सोललेले दाणे साठवताना त्यांतला ओलावा ७ टक्क्यांच्या आत हवा असं म्हणतात. नीट न वाळवलेला माल, गळकं गोदाम, ओल्या फरशीवर टेकवलेली पोती... झालं काम! आणि भाजून बुरशी मरते, विष पूर्ण जात नाही. प्रोसेस किल केली तरी तिने लिहिलेली फाईल डिस्कवर राहते ना, तसंच.

पेंड खाऊन पक्षी मेले, माणसांचं काय? उत्तर आपल्या शेजारीच मिळालं, फक्त दाण्यांऐवजी मक्यात. १९७४ साली गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा जिल्ह्यांत अवकाळी पावसाने मका भिजला. तो तसाच ओला साठवला गेला. मका हेच ज्यांचं रोजचं अन्न, त्या गरीब आदिवासी कुटुंबांनी तोच खाल्ला. कावीळ झाली, पोटात पाणी भरलं. ३९७ रुग्णांची नोंद झाली, त्यातले १०६ दगावले. त्या घरांतले कुत्रेसुद्धा आजारी पडले. त्या मक्यात किलोमागे ६ ते १५ मिलिग्राम विष सापडलं. आज आपल्याकडे तयार खायच्या दाण्यांना मर्यादा आहे किलोमागे १० मायक्रोग्रामची, म्हणजे हा आकडा शेकडो पटींनी जास्त!

युरोपची मर्यादा आणखी कडक, ४ मायक्रोग्राम. त्यामुळे तिकडे जाणाऱ्या दाण्यांची आधी तपासणी होते. आपल्या बरणीतल्या दाण्यांना मात्र इन्स्पेक्टर आपणच. आणि हे विष थोडं थोडं पोटात जात राहिलं तर यकृताचा कॅन्सर होऊ शकतो, तेही चवीला काही न कळता.

असो. बरणी रिकामी केली, धुऊन उन्हाची वाट बघतोय. पंचमहालातल्या लोकांकडे दुसरा मका नव्हता. मला कोपऱ्यावरच्या वाण्याकडे पाव किलो ताजे दाणे मिळाले. यापुढे पावसाळ्यात तेवढेच आणायचे.