एकच शांताराम?

लहानपणी टीव्हीवर 'नवरंग' लागला की आमच्याकडे दोन पार्ट्या पडायच्या. बाबा मन लावून बघायचे आणि आम्ही भावंडं मागे बसून संध्याबाईंच्या नाचाची नक्कल करायचो. व्ही. शांताराम म्हणजे भडक रंग, डोक्यावर घागरी आणि लाडिक बोलणं, हे माझं मत तेव्हाच पक्कं झालं. पुढे पुण्यात इंजिनियरिंग केलं, प्रभात रोडवरून शेकडो वेळा गेलो, पण ते 'प्रभात' म्हणजे नक्की कोण हे विचारावंसंही वाटलं नाही. मग एका शनिवारी दुसरं काही नव्हतं म्हणून 'कुंकू' लावला... आणि सोमवारपर्यंत डोक्यातून गेला नाही.

हा चित्रपट १९३७ चा आहे, हे बघताना सतत स्वतःला सांगावं लागतं. नारायण हरी आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर तो बेतलेला. मामा फसवून नीराचं लग्न काकासाहेब नावाच्या म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लावून देतो. नेहमीच्या गोष्टीत ती रडली असती, झिजली असती. इथे ती हे लग्न मानायलाच नकार देते. त्याच घरात राहून, रोज. सावत्र मुलगा अंगाशी येतो तेव्हा त्याला छडीने फोडून काढते. शांता आपट्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जो संताप आहे, तो आजच्या हिंदी सिरियलमधल्या नायिकांना झेपायचा नाही.

पण मला त्याहून जास्त पटले ते काकासाहेब. केशवराव दात्यांनी ते खलनायक म्हणून केलेलेच नाहीत. भिंतीवरचं जुनं घड्याळ, आरशातला स्वतःचा चेहरा, यांतून त्या माणसाला आपण काय करून बसलोय ते हळूहळू कळत जातं. आणि या सगळ्याला पार्श्वसंगीतच नाही! घरातले, रस्त्यावरचे, आजूबाजूचे आवाज तेवढे ऐकू येतात. बोलपट येऊन जेमतेम पाच-सहा वर्षं झालेली असताना 'इथे वाद्यं नकोत' असं ठरवायला किती आत्मविश्वास लागत असेल!

हा माणूस इथवर आला कसा? शांताराम राजाराम वणकुद्रे, जन्म १९०१, कोल्हापूर. कॉलेज वगैरे काही नाही. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करत शिकला. १९२९ मध्ये विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांच्याबरोबर 'प्रभात' काढली. आपल्या भाषेत सांगायचं तर पाच फाउंडर्सचा स्टार्टअप. १९३२ चा 'अयोध्येचा राजा' हा मराठीतला पहिला बोलपट त्यांचाच. तेव्हा डबिंग नव्हतं, त्यामुळे तोच चित्रपट हिंदीत पुन्हा वेगळा शूट करायचा. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला आली आणि पुढच्याच वर्षी 'अमृतमंथन' आला. त्यातला टेलिफोटो लेन्सने पडदाभर दाखवलेला चंद्रमोहनचा डोळा प्रसिद्ध आहे.

पौराणिक, संतपट, पोशाखी सगळं करून झाल्यावर त्याने सामाजिक चित्रपटांकडे मोर्चा वळवला. 'कुंकू' नंतर १९३९ चा 'माणूस'. गणपत नावाचा साधा पोलीस शिपाई आणि मैना नावाची वेश्या. चारच वर्षांपूर्वी बारुआंच्या 'देवदास'ने देशभर रडारड केली होती. प्रेम फसलं की दारू पिऊन मरायचं, ही फॅशन. 'माणूस' त्याला सरळ उत्तर देतो, की प्रेम फसलं तरी ड्युटीवर जायचं असतं. त्यात त्या काळच्या फिल्मी प्रेमगीतांची टिंगलही आहे, आणि शांता हुबळीकरांचं एक गाणं चक्क अनेक भाषांमधून फिरून येतं.

मग १९४१ चा 'शेजारी'. दोन म्हातारे मित्र, एक हिंदू, एक मुसलमान. गावात धरण बांधायला आलेला कंत्राटदार त्यांच्यात फूट पाडतो. मुस्लिम लीगच्या लाहोर ठरावाला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं, म्हणजे विषय किती तापलेला होता बघा. हिंदी आवृत्तीत शांतारामबापूंनी मझहर खानला हिंदू ठाकूर केलं आणि गजानन जागीरदारांना मिर्झा. त्यावर एक शब्दही भाषण नाही. ती निवड हेच भाषण.

आणि इथेच, १९४२ मध्ये, ते प्रभात सोडून मुंबईला गेले आणि परळला 'राजकमल कलामंदिर' काढलं.

यावर जाणकारांची एक आवडती थिअरी असते. शांताराम मोठा होता तो प्रभातमुळे. दामल्यांचं ध्वनीवरचं प्रभुत्व, फत्तेलालांचं कलादिग्दर्शन, 'हे नको' म्हणणारे बरोबरीचे भागीदार. राजकमलमध्ये 'नको' म्हणायला कोणी उरलं नाही, म्हणून मग 'नवरंग'. थिअरीला पुरावाही आहे. दामले-फत्तेलालांनी १९३६ मध्ये 'संत तुकाराम' केला तो शांतारामांच्या दिग्दर्शनाशिवाय, आणि पुढच्या वर्षी व्हेनिसला त्याचं कौतुक झालं. शांताराम गेल्यावरही प्रभातने १९४४ मध्ये 'रामशास्त्री' दिलाच.

ऑफिसात चांगली टीम फुटताना मी पाहिली आहे, त्यामुळे ही थिअरी मला लगेच पटली होती. पण ती पुरी पडत नाही. राजकमलमध्येच १९४६ मध्ये 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' झाला. चीनमध्ये सेवा करता करता वारलेल्या सोलापूरच्या डॉक्टरची खरी गोष्ट, आणि कोटणीस स्वतः शांताराम. १९५१ मध्ये 'अमर भूपाळी', १९५५ मध्ये टेक्निकलरमधला 'झनक झनक पायल बाजे'. आणि रंगीत चित्रपटाने एवढं यश दिल्यावर दोनच वर्षांत, कृष्णधवल 'दो आँखें बारह हाथ'!

सहा खुनी कैदी, एक जेलर आणि एक माळरान. कथा गदिमांची, पण मुळाशी आपल्याच आटपाडीजवळची एक खरी गोष्ट. औंध संस्थानात मॉरिस फ्रिडमन नावाच्या पोलिश इंजिनियरच्या पुढाकाराने 'स्वतंत्रपूर' ही भिंती नसलेली कैद्यांची वसाहत उभी राहिली होती. (इंजिनियर लोक कुठे कुठे पोचतात!) चित्रपटाला बर्लिनमध्ये सिल्व्हर बेअर मिळालं.

त्याच्या शूटिंगमध्ये बैलाशी झुंजताना शांतारामांच्या डोळ्यांना इजा झाली. बरेच दिवस डोळ्यांवर पट्टी, दृष्टी परत येईल की नाही याची शंका. त्या काळोखात दिसणाऱ्या रंगांतून पुढचा चित्रपट सुचला, असं त्यांनीच सांगून ठेवलंय. तो चित्रपट म्हणजे १९५९ चा 'नवरंग'.

हे वाचल्यावर मी गप्प झालो. तो मला आजही फारसा आवडत नाही, खोटं कशाला बोलू. पण ज्या भडक रंगांना आम्ही हसायचो, ते पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला आंधळं होण्याच्या भीतीत दिसलेले रंग होते. पुढे सत्तरीत त्याच माणसाने 'पिंजरा' (१९७२) केला आणि श्रीराम लागू मराठी पडद्याला दिले.

मग शांताराम एक की अनेक? मला वाटतं, एकच. जमलेली गोष्ट परत करायची नाही, एवढा एकच हट्ट त्याच्याकडे होता. कधी त्यातून 'कुंकू' निघतो, कधी 'नवरंग'. दुसऱ्याची जोखीम घेतली नसती तर पहिला झाला असता का, कोण जाणे.

एक वाईट गोष्ट सांगायची राहिली. २००३ च्या जानेवारीत पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारात, फिल्म अर्काइव्हच्या नायट्रेट फिल्म्सच्या साठ्याला आग लागली आणि त्यात प्रभातच्या चित्रपटांचं मूळ साहित्यही गेलं. प्रती आहेत म्हणून आपण बघू शकतो, पण मूळ ते मूळ. बॅकअप घ्या म्हणून आपण जगाला सांगत फिरतो आणि स्वतःच्या घरातलं जळून जातं.

तेव्हा या वीकेंडला 'कुंकू' बघाच. आणि घरी बाबा असतील तर त्यांच्याबरोबर 'नवरंग' पण. नक्कल न करता. मी गेल्या महिन्यात बघितला. बाबा अजूनही तितकंच मन लावून बघतात.