गोळीचे कवच: नळीसाठी घडले, माणसावरून गाजले

१/१२
शत्रूच्या देहाला कमी इजा व्हावी म्हणून गोळीवर धातूचे कवच चढवले गेले, असा एक समज आहे. वस्तुतः ते कवच रायफलच्या नळीसाठी घडले. माणसाचा प्रश्न पुढे आला, आणि तो आला हिंदुस्थानातून. (थ्रेड)

२/१२
रायफलच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात. गोळी त्यांत घट्ट बसून गिरकी घेते, म्हणून हवेत स्थिर राहते. १८७१ च्या ब्रिटिश मार्टिनी-हेन्रीची शिशाची गोळी सेकंदाला सुमारे ४०० मीटर वेगाने सुटे. मऊ शिसे नळीला चिकटू नये म्हणून तिच्याभोवती कागद गुंडाळलेला असे. हेही एक आवरणच.

३/१२
१८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी धूरविरहित दारू सिद्ध केली. १८८६ च्या लेबेल रायफलमध्ये गोळीचा वेग सेकंदाला ६०० मीटरच्या पुढे गेला. एवढ्या वेगात उघडे शिसे खाचांना धरून राहत नाही. ते सोलले जाते, खाचांत भरते आणि नेम चुकतो. कागदाने आता भागणार नव्हते.

४/१२
उत्तर स्वित्झर्लंडमध्ये तयार होते. १८८२ मध्ये एडुआर्ड रुबिन यांनी शिशाच्या गाभ्यावर तांब्याचे कवच चढवले होते. गाभ्यामुळे गोळीला वजन मिळाले, कवचामुळे खाचांवर पकड. थोड्याच वर्षांत युरोपातील सैन्यांनी कवचधारी गोळी स्वीकारली.

५/१२
मग नळीलाही बदलावे लागले. ब्रिटनच्या १८८८ च्या ली-मेटफर्डमधील उथळ, गोलसर खाचा काळ्या दारूची काजळी ध्यानात घेऊन आखल्या होत्या. १८९१ पासून कॉर्डाइट ही नवी दारू आली. तिच्या प्रखर उष्णतेने त्या खाचा झपाट्याने झिजू लागल्या. १८९५ मध्ये पाच खोल खाचांची नळी आली आणि रायफल ‘ली-एन्फिल्ड’ झाली.

६/१२
कवचाचाही उपद्रव होताच. तांबे-निकेलच्या मिश्रधातूचे थर नळीत साचत. नव्या नळीत हत्यारांचे सूक्ष्म चरे राहिलेले असले, तर कवच तेथे अधिक खरवडले जाई. हे थर अमोनियाच्या द्रावणाने काढावे लागत. पुढे तांबे-जस्ताच्या कवचाने हा त्रास बराच कमी झाला.

७/१२
१८९५. वायव्य सरहद्दीवरील चित्रालची मोहीम. ब्रिटिश अधिकाऱ्यांची तक्रार होती की ७.७ मिलिमीटरची ही गोळी देहातून आरपार जाते आणि गोळी लागलेला माणूसही चाल करून येतो. नळीला जे कवच वरदान ठरले, तेच साम्राज्याला आता अडचणीचे वाटू लागले.

८/१२
उपाय निघाला कलकत्त्याजवळील दमदमच्या कारखान्यात. कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनी गोळीच्या टोकावरचे कवच काढून शिसे किंचित उघडे ठेवले. बाजूंचे कवच शाबूत राहिल्याने नळीचे काम बिघडले नाही, मात्र देहात शिरताच टोक फुलून मोठी जखम होई. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत आफ्रिदींविरुद्ध ती वापरली गेली.

९/१२
दमदम हे नाव त्यापूर्वीही इतिहासात आले होते. जानेवारी १८५७ मध्ये नव्या एन्फिल्ड रायफलच्या काडतुसांना गाय-डुकराची चरबी लावल्याची वार्ता तेथील शिपायांत पसरली. दोन्ही वेळी नवी रायफल आणि नवे आवरण आले, आणि दोन्ही वेळी त्याची झळ कोणाला बसेल हे ठरवणारे वेगळेच होते.

१०/१२
१८९९ च्या हेग परिषदेत, देहात सहज पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदी घालणारी घोषणा मांडली गेली. ब्रिटन आणि अमेरिकेने विरोध केला. ब्रिटिश प्रतिनिधी सर जॉन अर्दा यांचा युक्तिवाद असा की ‘सुसंस्कृत’ सैनिक जखमी होताच थांबतो, ‘रानटी’ माणूस थांबत नाही. जखमेचे माप वंशावरून ठरवण्याचाच हा प्रकार होता.

११/१२
घोषणा संमत झाली. तिच्यातील एक अट मात्र बारकाईने वाचावी अशी आहे. बंदी फक्त स्वाक्षरी करणाऱ्या राष्ट्रांच्या आपसांतील युद्धापुरती होती. आफ्रिदी वा मोहमंद टोळ्यांची स्वाक्षरी कोणी मागितलीच नव्हती. ज्यांच्या देहांवरून हा वाद पेटला, त्यांनाच त्या कायद्याचे संरक्षण नव्हते.

१२/१२
ब्रिटनने १९०७ मध्ये घोषणा मान्य केली. १९१० ची नवी ‘मार्क ७’ गोळी पूर्ण कवचधारी होती, पण टोकात हलके ॲल्युमिनियम असल्याने तिचा भार मागे राहिला आणि देहात शिरल्यावर ती कोलमडू लागली. कायद्याने कवचाकडे पाहिले, जखमेकडे नाही. म्हणून शस्त्राचा इतिहास वाचताना ते कसे चालते याबरोबरच ते कोणावर चालले, हेही विचारावे.