कवनांचा निवाडा

१९०७ साली इंग्लंडला लिमरिकच्या, म्हणजे पाच ओळींच्या विनोदी कवनांच्या, स्पर्धांचं वेड लागलं. वर्तमानपत्रात चार ओळी छापून येत, पाचवी वाचकाने जुळवायची. सोबत सहा पेन्सांची पोस्टल ऑर्डर जोडायची. त्या वर्षाच्या उत्तरार्धात अशा १ कोटी १४ लाख ऑर्डरी खपल्या. एरवी तेवढ्या काळात ७-८ लाख खपत.

आपल्याकडे हाच डाव उलट्या टोकाने मांडला जाई. समस्यापूर्तीत शेवटचा चरण दिलेला असतो, आधीचे रचायचे असतात. कामसूत्रातल्या ६४ कलांत तिची गणना आहे. पण ती पंडितांची. नाशिक-संगमनेरच्या टापूत चुरस रंगली ती डफावर. सिन्नरजवळच्या बावीचे परशराम शिंपी (१७५४-१८४४) आणि संगमनेरचे अनंत फंदी (१७४४-१८१९) याच मातीतले शाहीर. कलगी-तुऱ्याच्या सामन्यात तुरेवाले शिवाची थोरवी गात, कलगीवाले शक्तीची. एका फडाने कवनातून कूट घालायचं, दुसऱ्याने ते कवनातूनच आणि तिथल्या तिथे सोडवायचं. कौल श्रोत्यांचा. जवाब अडला, की गोड गळाही फडाला तारू शकत नसे. कवितेला इतका जागा परीक्षक क्वचितच लाभला असेल.

याच वळणावर नाशिकचे गोविंद त्र्यंबक दरेकर, म्हणजे कवी गोविंद, घडले. पायांनी अधू असलेला हा माणूस आधी लावण्या रचत असे. सावरकर बंधूंच्या ‘मित्रमेळा’ या क्रांतिकारी संघटनेत आल्यावर त्यांची लेखणी पोवाड्यांकडे वळली. मेळ्यातली पोरं ते उत्सवांत गात आणि गर्दी ते उचलून धरी.

मग निवाड्याची जागाच बदलली. ‘लघु अभिनव भारतमाला’ या छोट्या पुस्तकात गोविंदांच्या कविता छापल्याबद्दल सावरकर बंधूंपैकी थोरल्या बाबारावांवर राजद्रोहाच्याही पुढचा, सरकारविरुद्ध युद्धाला चिथावणी दिल्याचा आरोप आला. ८ जून १९०९ रोजी त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. कवितांत इंग्रजांचं नाव घेण्याची गरजच नव्हती. देव होते, शिवाजी महाराज होते. मात्र अपील ऐकणाऱ्या उच्च न्यायालयात मराठी जाणणारे न्यायमूर्ती होते. देवांची आणि वीरांची नावं घेऊन आजच्या सरकारविरुद्ध युद्धाचा उपदेश केला आहे, असा अर्थ त्यांनी लावला. फडातला श्रोता कूट उकलून दाद देत असे. इथे कूट उकललं आणि त्याच अर्थावर शिक्षा कायम झाली.

बाबारावांना अंदमानातून परत आणलं ते १९२१ साली, आणि सुटका झाली १९२२ मध्ये. कवी गोविंद १९२६ साली वारले.