रिबिनीचा बो

रिबिनीचा बो : अरुंद, विणलेल्या फितीच्या दोन किंवा अधिक पाकळ्या (वळवून केलेले फास) मध्यभागी आवळून आणि त्या जागी गाठ किंवा आडवी पट्टी बसवून तयार केलेला केसांचा अलंकार. महाराष्ट्रात तो ‘रिबिनीचे फूल’ या नावानेही परिचित आहे. त्याचे दोन मुख्य वर्ग पडतात : वेणीतच बांधला जाणारा आणि रोज सोडला जाणारा बो, आणि वेगळा तयार करून पिनेवर, रबरावर किंवा हेअरबँडवर कायमचा बसविलेला बो. दुसरा वर्ग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून घरगुती हस्तव्यवसाय म्हणून वाढला असून लहान मुलींसाठी व भेट देण्यासाठी प्रामुख्याने तोच केला जातो. दोन्ही वर्गांत बोचा डौल आणि टिकाऊपणा वरच्या सजावटीपेक्षा रिबिनीच्या विणीवर व किनारीवर अधिक अवलंबून असतो.

रिबिनीचे प्रकार : विणीव रिबिनीत बाण्याचा (आडवा) धागा प्रत्येक फेरीअंती काठावरून परत वळत असल्याने किनार बंद राहते, कापीव रिबीन मात्र रुंद कापडातून पट्ट्या कापून काढलेली असते आणि तिच्या कडा वितळवून वा खळ देऊन तात्पुरत्या धरून ठेवलेल्या असतात, त्यामुळे वारंवार बांधल्या-सोडल्याने ती उसवते. साटिनच्या विणीत ताण्याचे (उभे) धागे एकाच वेळी अनेक बाण्यांवरून तरंगत जातात आणि त्यातून तकाकी येते. ही तकाकी एका बाजूस किंवा दोन्ही बाजूंस असू शकते. बांधण्याच्या बोमध्ये रिबिनीची उलटी बाजू पाकळीच्या आत व टोकांवर दिसत असल्याने तेथे दुहेरी तकाकीची रिबीन लागते, तर शिवलेल्या बोमध्ये एकेरी रिबीन पुरते. ग्रोग्रेन या प्रकारात बाणा ताण्यापेक्षा जाड घेतल्यामुळे रिबिनीवर आडव्या उठावदार रेषा येतात व तिला ताठपणा मिळतो. पाकळी न ढळता उभी राहावी अशा बोंसाठी ती सर्वांत योग्य मानली जाते. ऑर्गंझा (पारदर्शक), मखमल आणि किनारीत बारीक तार घातलेली रिबीन हे अन्य प्रकार होत. तारेची रिबीन भेटीच्या खोक्यासाठी उत्तम असली, तरी तारेचे टोक टोचण्याचा धोका असल्याने मुलांच्या केसांसाठी ती वापरू नये.

रेशीम आणि सूत तापविल्यास वितळत नाहीत, जळतात. याउलट पॉलिएस्टर सुमारे २५० ते २६० अंश सेल्सिअसला वितळते. त्यामुळे पॉलिएस्टर रिबिनीचे कापलेले टोक ज्योतीच्या जवळून क्षणभर फिरविल्यास धागे एकजीव होऊन उसवण थांबते. व्हिनफील्ड व डिक्सन या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी १९४१ मध्ये या तंतूचे पेटंट घेतले. पुढे त्याच्या रिबिनी स्वस्त झाल्या आणि शिलाईचे फारसे कौशल्य नसलेल्यांनाही घरच्या घरी बो करणे शक्य झाले.

इतिहास : सतराव्या शतकात एकाच मागावर अनेक फिती एकदम विणणारा ‘डच माग’ प्रचारात आला. त्याच्या शोधाचे श्रेय काही ठिकाणी डॅन्झिगला, तर काही ठिकाणी लायडेनला दिले जाते. हाताने एकेक फीत विणणाऱ्यांची उपजीविका बुडेल या भीतीने युरोपातील अनेक शहरांनी त्यावर बंदी किंवा निर्बंध घातले. रिबिनीने केस बांधण्याच्या फॅशनशी फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारातील फोंतांज हिचे (१६६१–८१) नाव जोडले जाते. शिकारीच्या वेळी सुटलेले केस तिने रिबिनीने बांधले आणि दरबाराने त्याचे अनुकरण केले, ही कथा बहुधा नंतर रचलेली असावी. तिच्या नावाने ओळखला जाणारा उंच शिरोभूषणाचा प्रकार मात्र तिच्या मृत्यूनंतरही बराच काळ टिकला.

रेशमी रिबिनींची मोठी केंद्रे फ्रान्समधील सेंट एत्येन, स्वित्झर्लंडमधील बाझल व तिचा परिसर, आणि इंग्लंडमधील कॉव्हेंट्री ही होत. बाझलच्या परिसरात विणकर आपापल्या घरी माग चालवीत. रिबिनींना लागणाऱ्या रंगांच्या निर्मितीतूनच तेथील रासायनिक उद्योगाचा पाया घातला गेला.

कॉव्हेंट्रीचा इतिहास विशेष तपशिलाने उपलब्ध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्या शहरातील फार मोठ्या लोकसंख्येचा चरितार्थ रेशमी रिबिनींवर चालत असे. वाफेच्या शक्तीवर रिबीन विणणारा बेक यांचा कारखाना विणकरांनी १८३१ मध्ये जाळला. घरी स्वतःच्या मागावर, स्वतःच्या वेळेनुसार काम करण्याची पद्धत मोडण्यास त्यांचा विरोध होता. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनासाठी शहराने ‘कॉव्हेंट्री टाउन रिबन’ ही नक्षीदार फीत विणून घेतली. जॉन व जोसेफ कॅश या क्वेकर बंधूंनी १८५७ मध्ये किंगफील्ड येथे घरांची अशी रांग बांधण्यास घेतली, की खाली विणकराचे कुटुंब राहावे, वरच्या मजल्यावर त्याचे माग असावेत आणि सर्व मागांना एकाच वाफेच्या यंत्राची शक्ती मिळावी. कारखाना आणि घर यांचा मेळ घालण्याचा हा प्रयत्न वस्त्रोद्योगाच्या इतिहासात फार मोलाचा आहे. परंतु १८६० मध्ये इंग्लंड व फ्रान्स यांच्यातील कॉब्डेन-शेव्हालिए करारामुळे फ्रेंच रेशमी मालावरील आयातकर उठला, फ्रेंच रिबिनी बाजारात आल्या आणि कॉव्हेंट्रीचा धंदा कोसळला. पुष्कळ विणकर कुटुंबांनी देशांतर केले. टॉमस स्टीव्हन्स यांनी १८६२ पासून रेशमात विणलेल्या चित्रमय वाचनखुणा काढून, आणि कॅश बंधूंच्या कंपनीने पुढे शाळकरी मुलांच्या गणवेशावर शिवायच्या विणलेल्या नावपट्ट्या तयार करून अरुंद मागांना नवे काम मिळवून दिले. तेथील हर्बर्ट कलादालन व संग्रहालयात या रिबिनींचा संग्रह आहे.

फ्रान्स व जर्मनी यांच्या सीमेवरील आल्सेस प्रांतातील स्त्रियांचा डोक्यावरील मोठा काळा बो १८७१ नंतर फ्रान्सने गमावलेल्या प्रांताचे प्रतीक म्हणून फ्रेंच चित्रांत सर्वत्र दिसू लागला. १९०० ते १९२० च्या सुमारास युरोप-अमेरिकेत लहान मुलींच्या डोक्यावर रुंद रिबिनीचा बो बांधण्याची रीत होती. रशियात १ सप्टेंबरला, शाळेच्या पहिल्या दिवशी, मुली पांढरे मोठे बो बांधून जातात. जपानमधील ‘त्सुमामी कान्झाशी’ या प्रकारात रेशमाचे लहान चौकोन चिमटीने दुमडून पाकळ्या करतात. रिबिनीच्या तुकड्यांची फुले करण्याची आजची एक पद्धत त्यावरून आली आहे.

महाराष्ट्रात : फुलांची वेणी, गजरा आणि लोकरीचे गोंडे ही केस सजविण्याची जुनी साधने. गणवेशाबरोबर शाळांत दोन वेण्या व ठरावीक रंगाच्या (बहुधा लाल, पांढऱ्या किंवा काळ्या) रिबिनी रूढ झाल्या. रिबीन वेणीच्या शेवटच्या पेडांत गुंफून, वेणी वर दुमडून कानामागे बो बांधतात. पेडांत गुंफल्यामुळे ती घसरत नाही. रिबीन, लेस व पिना यांची खरेदी मुंबईत भुलेश्वर व क्रॉफर्ड मार्केट, तर पुण्यात तुळशीबाग व रविवार पेठ येथे होते.

गाठ : बांधलेल्या बोची गाठ दोन वेढ्यांची असते. हे दोन वेढे परस्परविरुद्ध दिशांनी घेतल्यास गाठ सपाट बसते आणि पाकळ्या वेणीला आडव्या राहतात. एकाच दिशेने घेतल्यास गाठ पिळते, पाकळ्या वेणीच्या लांबीत उभ्या वळतात आणि धावपळीत बो लवकर सुटतो. बुटाच्या नाड्यांच्या बाबतीत हाच फरक बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील अभियंत्यांनी २०१७ मध्ये प्रयोगाने दाखविला. मुलीच्या वेणीतील बो वारंवार उभा वळत असल्यास दुसरा वेढा उलट दिशेने घेणे हा त्यावरील साधा उपाय होय.

शिवलेल्या बोची कृती : पुऱ्या झालेल्या बोची रुंदी ठरवून तिच्या दुपटीत सुमारे २ सेंमी. मिळविल्यास एका थराला लागणारी रिबीन मिळते. उदा., १०, ८ व ६ सेंमी. रुंदीच्या तीन थरांना अनुक्रमे २२, १८ व १४ सेंमी. रिबीन लागते, मध्यपट्टीसाठी ६ सेंमी. अरुंद रिबीन धरल्यास एकूण ६० सेंमी. होते. तुकड्याची दोन्ही टोके मध्यावर एकमेकांवर चढवून वळे करतात, मध्यभागी आडवा धावदोरा घालून चुणी आवळतात, दोरा दोन-तीनदा गुंडाळून मागे पक्का करतात, आणि सर्व थर एकत्र शिवून झाल्यावर त्यांवर मध्यपट्टी बसवितात. लोंबती टोके ठेवायची असल्यास ती तिरकी किंवा खाचेच्या आकारात कापून त्यांच्या कडा ज्योतीने बंद करतात. हे काम मोठ्यांनीच करावे.

अतिशय लहान बो जेवणाच्या काट्याच्या दातांत रिबीन गुंफून बांधतात. कुरळ्या रिबिनीच्या बोसाठी पॉलिएस्टर ग्रोग्रेन लाकडी काठीवर तिरकी गुंडाळून, लाकडी चिमट्यांनी धरून, सुमारे १३५ अंश सेल्सिअस तापमानाच्या ओव्हनमध्ये २० मिनिटांपर्यंत ठेवतात. थंड होताना तंतूंना तो वळ कायमचा बसतो. रेशमी वा सुती रिबिनीला हा वळ टिकत नाही.

बो टिकटॅक पिनेवर, दातेरी चिमट्यावर किंवा रबरावर बसवितात. धातूचा चिमटा आधी अरुंद रिबिनीने मढविल्यास केस अडकत नाहीत. ग्लू गनमधील गरम डिंक उन्हात किंवा बंद मोटारीत मऊ पडत असल्याने केवळ त्यावर विसंबून न राहता मध्यपट्टी चिमट्याभोवती घेऊन शिवणे आवश्यक आहे.

भेटवस्तू : वाढदिवस व संक्रांतीचे वाण यांसाठी बो जाड कागदाच्या पट्टीवर, जोडीने लावून देतात.

सुरक्षितता : तीन वर्षांखालील मुलांच्या बोवर मणी, खडे वा बटणे लावणे टाळावे, कारण सुटलेला तुकडा श्वासनलिकेत अडकू शकतो. अमेरिकेत या वयोगटासाठीच्या वस्तूंचे सुटे भाग ३१.७ मिमी. व्यासाच्या नळकांड्यात टाकून पाहतात आणि त्यात पूर्ण मावणारा भाग धोकादायक ठरवितात. २००८ च्या कायद्याने १२ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वस्तूंतील शिशावरही मर्यादा घातली असून घरगुती उत्पादकही त्यातून सुटलेले नाहीत. तान्ह्या मुलांचा हेअरबँड झोपेपूर्वी काढावा. जड बो किंवा आवळून बांधलेले केस रोज त्याच जागी ओढले गेल्यास तेथील केस विरळ होतात (कर्षणजन्य केशगळती), म्हणून भांगाची व पिनेची जागा बदलत राहावी.

मुलांसाठी केलेला बो हलका असावा, त्याची रिबीन विणीव किनारीची असावी, आणि मध्य शिवलेला असल्यामुळे चिमटा हाताने ओढूनही निघू नये. या कसोट्यांस उतरणारा साधा एकथरी बो जड, नुसत्या डिंकाने चिकटविलेल्या बहुथरी बोपेक्षा सर्वार्थाने श्रेष्ठ ठरतो.