प्रकाशाची साक्ष

लोहार लोखंडाची उष्णता हात लावून पाहत नाहीं; भट्टींतील त्याच्या रंगावरून ती ओळखतो. या व्यवहारज्ञानास माक्स प्लांक यांनीं १९०० सालीं गणिताचें रूप दिलें. पण सेकंदाचे कोटि-कोटि-कोटि भाग पाडले असतां त्यांतील एका भागाइतकाहि काळ जें टिकत नाहीं, अशा द्रव्याचें तापमान कसें सांगावें?

असें द्रव्य मनुष्यानें खरोखर निर्माण केलें आहे. सोन्याचे किंवा शिशाचे अणुगर्भ प्रकाशाच्या जवळजवळ वेगानें परस्परांवर आदळले, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन वितळून क्वार्क व ग्लुऑन यांचा रस होतो. त्यांतून हजारों कण बाहेर पडतात. परंतु अखेरपर्यंत धक्के खात आल्यामुळें ते आपलें जन्मवृत्त विसरलेले असतात. प्रकाशाचें तसें नाहीं. हा प्रकाश डोळ्यांस दिसणारा नव्हे, गॅमा किरणांच्या जातीचा. अणुगर्भांतील प्रबळ प्रेरणा त्यास बाधत नाहीं. तो जन्मतांच सरळ बाहेर पडतो. याच साक्षीदारावर भिस्त ठेवावी, असें रशियन शास्त्रज्ञ फाइनबर्ग यांनीं १९७६ सालीं व शुर्याक यांनीं १९७८ सालीं सुचविलें.

साक्षीदार प्रामाणिक खरा. पण त्याचा आवाज क्षीण. उदासीन पायॉन फुटून निघणाऱ्या प्रकाशकणांच्या कोलाहलांत तो बुडून जातो. जिनीव्हाजवळील सर्न संस्थेंत गंधकाचे अणुगर्भ सोन्यावर आदळून पाहणाऱ्या मंडळींस १९९६ सालीं, ‘प्रकाश असलाच तर याहून अधिक नाहीं,’ एवढी मर्यादा सांगूनच थांबावें लागलें. तें अपयश त्यांनीं झांकलें नाहीं, हें त्यांस भूषणावह होय. तेथेंच शिशाच्या प्रयोगांत २००० सालीं तो प्रकाश स्पष्ट आढळला. पुढें २०१० सालीं अमेरिकेंतील ब्रूकहेवन येथें सोन्याच्या टकरींतून निघालेल्या प्रकाशावरून सुमारें अडीच लक्ष कोटि अंश हें सरासरी मान निघालें. सूर्याच्या गाभ्याचें तापमान केवळ दीड कोटि अंश आहे!

एवढ्यानें खटला निकालांत निघाला असें मात्र नव्हे. ब्रूकहेवनच्याच २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत हा प्रकाश सर्व दिशांस सारखा पसरत नाहीं, मागाहून जन्मणाऱ्या कणांप्रमाणें त्याचाहि ओघ विशिष्ट दिशांकडे आहे, असें दिसलें. प्रकाशाची विपुलता म्हणते, ‘जन्म आरंभींच्या दाहांतला’. ओघ म्हणतो, ‘मागाहूनचा’. या दोन जबान्यांचा मेळ घालणें सिद्धांतकारांस जड गेलें आहे. साक्षीदार खोटें बोलत नाहीं. आपलीच उलटतपासणी अपुरी आहे, असें समजून पुढें जाणें हाच शास्त्राचा धर्म होय.