देणे, कर्तव्य आणि कायदा : भाषा संचालनालयाची वाटचाल

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भंडारा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. तिथली मालगुजारी, म्हणजे जमीनदारीची पद्धत, १९५१ मध्येच संपली होती. तलावाच्या पाण्याची वहिवाट मात्र वाजिब-उल-अर्जात, म्हणजे गावच्या रूढी-हक्कांच्या नोंदीतच पाहावी लागे. कायदे इंग्रजीत होते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि कारभार मराठीत आणण्यासाठी ६ जुलै १९६० रोजी भाषा संचालनालयाची स्थापना झाली.

काम सोपे नव्हते. इंग्रजी कायद्यातले कर्तव्य 'शॅल' या क्रियापदावर उभे असते. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'देणे लागणे'. ऋण आणि अपराध या दोन्ही अर्थांचा जर्मन शब्द 'शुल्ड' त्याच कुळातला. देण्यातून कर्तव्य आले, पुढे आज्ञा आणि भविष्यकाळही. मराठीलाही हे नाते परके नाही : आपण पैसे 'देणे लागतो' आणि काम 'करावे लागते'. कायद्यांच्या मराठी अनुवादांत मात्र भविष्यकाळाचे रूप रूढ झाले. अधिकारी नोटीस 'देईल' म्हणजे त्याने ती दिलीच पाहिजे; 'देऊ शकेल' म्हणजे निर्णय त्याचा.

१९६२ साली पदनाम कोश निघाला. 'बदनाम कोश' म्हणून त्याची टर उडवली गेली. भाषातज्ज्ञ, विधिज्ञ, अनुवादक आणि टंकलेखक डगमगले नाहीत. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने या कामाला कायद्याचे बळ दिले आणि १९७३ मध्ये शासन व्यवहार कोश हाती आला.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ हा १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाला आणि विदर्भाचा वेगळा महसूल कायदा गेला. नव्या अधिनियमाच्या कलम १५० नुसार तलाठ्याने फेरफाराची नोंद घेताच तिची प्रत चावडीत लावायची आणि संबंधितांना लेखी कळवायचे. इथेही मुळात 'शॅल'च आहे. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी किंवा लाखांदूरच्या शेतकऱ्याला हे कर्तव्य आपल्या भाषेत वाचता येणे, ही या संस्थेची खरी कमाई.

२१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने जिल्हा व तालुका न्यायालयांच्या कामकाजाची भाषा मराठी ठरली, तेव्हा अनुवादित अधिनियमांची गरज आणखी वाढली. २०१० मध्ये मराठी भाषा विभाग स्थापन झाला आणि संचालनालय त्याच्या अखत्यारीत आले. परिभाषा कोश आता संकेतस्थळावरही शोधता येतात. केंद्र व राज्याच्या अधिनियमांचे अनुवाद आणि कर्मचाऱ्यांच्या भाषा परीक्षा ही कामे संचालनालय आजही सांभाळते. त्याचे विभागीय कार्यालय भंडाऱ्याला जवळच्या नागपुरात आहे.