काचेभोवतीचं काळं रबर
1900 साली अण्णासाहेब कर्व्यांनी विधवांसाठीचा आश्रम पुण्याजवळ हिंगण्याच्या माळावर आणला, त्या माळाचंच पुढे कर्वेनगर झालं. इथल्या गॅरेजांमध्ये आमच्या वडिलांची हयात फियाटवर गेली. 1964 ची 1100 डिलाइट पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. तिच्या काचेभोवतीचं रबर हा त्यांचा जीव की प्राण.

पॉलिशचं मेण रबरावर गेलं की वाळून पांढरा डाग पडे. लोक त्यावर रॉकेलचा बोळा फिरवत. दिवसभर रबर चमके, पण रॉकेल ते फुगवतं आणि सैल करतं. वडील कोमट साबणाचं पाणी घेत, जुन्या टूथब्रशनं खाचेतलं मेण काढत, कोरडं पुसत आणि ग्लिसरीनचं बोट कडेकडेनं फिरवत. कोपऱ्याकडे त्यांचं विशेष लक्ष, कारण भेग पहिली तिथेच पडते.

1839 मध्ये गुडइयर या अमेरिकी संशोधकानं गंधक आणि उष्णतेनं रबर टिकाऊ केलं, पण हवेतला ओझोन ते चिरतोच. 1983 मध्ये मारुती आली, पुढे काळ्या प्लॅस्टिकचे बंपर आले, मागोमाग सिलिकॉनचे स्प्रेही. झटपट चकाकी मला पटत नाही. स्प्रेच्या ओशट थरावर धूळ बसते. मी अजून ग्लिसरीनच वापरतो.